चौथ्या दिवशी मोडणारं वेळापत्रक

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुलाही दिसेल. वय २३, बीएस्सी झालीस, गेवराई तालुक्यात गावी घरीच राहतेस. सकाळी साडेसात ते साडेबारा एका खासगी शाळेत शिकवतेस. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षा द्यायची आहे. दर रविवारी रात्री दहा तासांच्या अभ्यासाचं वेळापत्रक करतेस, बुधवार-गुरुवारी ते मोडतं, आणि मग पुढचा रविवार येईपर्यंत मनच लागत नाही. वाचलेलं आठवड्याभरात पुसट होतं. घरच्यांनी दोन वर्षं दिली आहेत. तू विचारलंस की इच्छाशक्ती कशी वाढवू, आणि पुण्याला जाऊ का?

वयाने मोठी आहे, म्हणून तू म्हणते. २०१३ ते २०१६ अशा चार पूर्व परीक्षा, म्हणजे राज्यसेवेचा पहिला टप्पा, मी दिल्या. पहिल्या तीन पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहून, आणि चौथी लातूर जिल्ह्यातल्या माझ्या गावी परत येऊन, शिकवण्या घेत. निवड चौथ्या वेळी झाली. नोकरीला लागल्यापासून मी जिथे नेमणूक असेल तिथल्या अभ्यासिकेत रविवारी संध्याकाळी मुलामुलींबरोबर बसते. तुझा प्रश्न त्या खोलीत मी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर लांबणार, हे आधीच सांगते.

तुला इच्छाशक्ती कमी नाही. जी मुलगी सकाळी पाच तास वर्ग सांभाळून घरी येते आणि तरीही दर रविवारी नव्याने कागद घेऊन बसते, तिच्यात ती भरपूर आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे तुझं वेळापत्रक अशा दिवसासाठी बनवलेलं आहे, जो दिवस तुझ्या घरात उगवतच नाही. पाच तास शाळा आणि वर दहा तास अभ्यास हे गणित कागदावर जमतं. पण त्यात पाहुणे नाहीत, लाइट जाणं नाही, आईचं डोकं दुखणं नाही, तपासायच्या वह्या नाहीत. दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती पुण्यात चौदा तास बसणाऱ्यांनाही आहे. आपण बसण्याची सवय लावतो आणि तिलाच अभ्यासाची सवय समजतो.

हे मला कसं कळलं ते सांगते, कारण माझं बाकीचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

पुण्यातल्या तीन वर्षांत मी रोज डायरीत तास लिहायचे. अकरा, साडेअकरा, कधी तेरा. अभ्यासिकेत माझी जागा ठरलेली होती आणि दिवा माझ्यानंतर फारच थोडे जण बंद करायचे. तिसऱ्या वेळी पूर्व परीक्षा थोडक्यात हुकली. त्या वेळी पहिल्यांदा मी रडणं बाजूला ठेवून उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आणि अंतिम उत्तरतालिका समोर घेतली. पहिल्या पेपरात शंभरपैकी ८४ प्रश्न सोडवले होते, ३१ चुकले होते. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर कारण लिहिलं. मुळात वाचलंच नव्हतं, असे ४. निव्वळ अंदाजाने मारलेले ७. प्रश्नच नीट वाचला नाही, म्हणजे ‘अयोग्य विधान ओळखा’ असताना योग्य विधानावर गोळा केला, असे ६. आणि उरलेले १४ असे, की ज्यांचं उत्तर माझ्या पुस्तकात पिवळ्या, हिरव्या आणि गुलाबी अशा तिन्ही रंगांनी अधोरेखित होतं.

त्या चौदा प्रश्नांनी माझे डोळे उघडले. मी ती पानं चार-चार वेळा वाचली होती. पान समोर आलं की सगळं ओळखीचं वाटायचं, आणि त्या ओळखीलाच मी ‘येतंय’ म्हणायचे. परीक्षेत पान समोर नसतं. तिथे चार पर्याय असतात, त्यातले दोन अगदी सख्खे भाऊ वाटावेत असे, आणि डोक्यातून नेमकी गोष्ट बाहेर काढायची असते. ते काढण्याचा सराव मी तीन वर्षांत जवळजवळ केलाच नव्हता.

उदाहरण घेऊ. पंचायत राजच्या समित्या बघ. बलवंतराय मेहता १९५७, वसंतराव नाईक १९६०, बोंगिरवार १९७०, बाबुराव काळे १९८०, पी. बी. पाटील १९८४. एका बैठकीत हे सगळं वाचलं तर अर्ध्या तासात संपतं आणि फार सोपं वाटतं. पण प्रश्न येतो तो शिफारस देऊन. अमुक शिफारस कोणत्या समितीची? तालुका पातळीवरच्या पंचायत समितीवर भर कोणी दिला, आणि जिल्हा परिषद बळकट करा असं कोणी म्हटलं? पहिलं मेहता समितीचं, दुसरं नाईक समितीचं. त्यावरूनच आपला १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आला आणि १ मे १९६२ पासून लागू झाला. ही साखळी पुस्तक बंद करून, स्वतःच्या हाताने, दोनतीनदा चुकत लिहिली असेल तरच परीक्षेच्या खोलीत हाती येते. नुसत्या वाचनाने या समित्या एकमेकींत मिसळून जातात.

मानसशास्त्रातही यावर काम झालेलं आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. मला हे वाचून बरं वाटलं, कारण माझी फसगत नेमकी त्या पाच मिनिटांत झाली होती. वाचून उठताना सगळं येतच असतं. आपण आपली परीक्षा तेव्हाच घेतो आणि खूश होतो.

म्हणून सवय कशाची लावायची, हे आधी ठरव. तास भरण्याची नको. पुस्तक मिटून आठवण्याची, आणि चुकलेलं तपासण्याची लाव. त्यासाठी मी जे करायला लागले त्याला मी कोरं पान म्हणते. ४० ते ५० मिनिटं वाचायचं. मग पुस्तक मिटून, एका कोऱ्या पानावर दहा मिनिटं जे आठवेल ते लिहायचं. अक्षर, क्रम, काही बघायचं नाही. मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल शाईने भरायचं. पानावर तारीख टाकायची. दुसऱ्या दिवशी अभ्यासाला बसताना पहिलं काम म्हणजे कालच्या विषयाचं पुन्हा कोरं पान, पण आता फक्त पाच-सात मिनिटांचं. मग आठवड्याने एकदा, महिन्याने एकदा. आठवड्याने केलेल्या पानावर लाल शाई जास्त दिसली तर तो विषय परत वाचायचा. कमी दिसली तर पुढे जायचं. उजळणी कुठल्या धड्याची करायची हा प्रश्नच राहत नाही, लाल शाई सांगते.

सुरुवातीला हे फार जड जातं. आमच्याकडे एक मुलगा तिसऱ्या रविवारी वही घेऊन आला आणि म्हणाला, मॅडम, याने माझा वेग निम्मा झाला, एका दिवसात चाळीस पानं व्हायची ती वीसच होतात. मी त्याला मागच्या महिन्यातल्या चाळीस पानांमधलं विचारलं. तो गप्प बसला. कोऱ्या पानासमोर काही आठवत नाही ती पाच मिनिटं फार बोचतात, आणि तेव्हाच आपल्याला वाटतं की पुन्हा एकदा वाचूनच घेऊ. त्या वेळी वाचू नकोस. अडखळत आठवण्यातच काम होत असतं.

भूगोलासाठी कोरं पान म्हणजे हाताने काढलेला नकाशा. महाराष्ट्राची ओबडधोबड बाह्यरेषा, त्यात गोदावरी, आणि तिला उजवीकडून मिळणाऱ्या दारणा, प्रवरा, सिंदफणा, मांजरा. सिंदफणा तुझ्याच जिल्ह्यातली, माजलगाव तालुक्यात मंजरथला ती गोदावरीला मिळते. जे डोळ्यांनी बघितलंय तिथून सुरू केलं की नकाशा पक्का बसतो. माझ्यासाठी ती सुरुवात मांजरेची होती.

आता वेळेकडे येते. इथे मी सांगते ते सगळं जसंच्या तसं घेऊ नकोस, कारण हे परिस्थितीवर फार अवलंबून आहे. घरात स्वतंत्र खोली आहे का, पहाटे उठलं की तुलाच चूल-पाणी बघावं लागतं का, शाळेत जायला किती वेळ जातो, हे तू लिहिलेलं नाहीस. कापूस वेचणीच्या दिवसांत गावातलं घर कसं असतं ते मला माहीत आहे. त्यामुळे मी फक्त आराखडा देते, वेळ तू बसव.

वेळापत्रक घड्याळाला बांधू नकोस, रोज घडणाऱ्या एखाद्या कामाला बांध. ‘दोन वाजता बसायचं’ असं ठरवलं आणि जेवणालाच सव्वादोन झाले, की मनात वेळापत्रक मोडल्याची नोंद होते. त्यापेक्षा ‘शाळेतून आले, जेवले, ताट धुऊन ठेवलं, अर्धा तास पडले, उठून तोंड धुतलं की थेट टेबल’ असं ठरव. तोंड धुणं हीच बसण्याची खूण. पहाटेचा एक तास मिळत असेल तर चहाचा कप खाली ठेवला की वही, ही दुसरी खूण. तिसरी रात्री जेवणानंतरची, फक्त अर्ध्या तासाची. तुझ्या दिवसात पहाटे एक, दुपारी-संध्याकाळी तीन आणि रात्री अर्धा असे साडेचार तास प्रामाणिकपणे निघतील असा माझा अंदाज आहे. शाळेचे सहा दिवस धरले तर आठवड्याला सत्तावीस तास. ऐकायला ते थोडे वाटतील, पण कोऱ्या पानासकटचे सत्तावीस तास मी पुण्यात घालवलेल्या सत्तर तासांपेक्षा जास्त होते. हे मी दोन्ही करून बघितलंय.

आणि दुपारी काय वाचायचं हे दुपारी ठरवायचं नाही. रात्रीच्या अर्ध्या तासातली शेवटची पाच मिनिटं त्यासाठी ठेव. उद्याचा धडा ठरव, पुस्तक त्या पानावर उघडून ठेव, वर पेन ठेव, शेजारी तारीख टाकलेलं कोरं पान ठेव. दमून आल्यावर ‘आज इतिहास करू की अर्थव्यवस्था’ असा विचार सुरू झाला की पाऊण तास जातो, आणि त्या पाऊण तासात मोबाइल हातात येतो. पुस्तक उघडंच असलं की माणूस सहसा बसतो.

मोबाइलचं एकच सांगते. अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत, आईजवळ. ऑनलाइन बघायचे तास आदल्या रात्री डाउनलोड करून ठेव. टेलिग्रामवरच्या पीडीएफ साठवणं बंद कर. माझ्या ओळखीत एकही जण पीडीएफ कमी पडल्या म्हणून नापास झालेला नाही. यशस्वी उमेदवारांची ‘माझी रणनीती’ सांगणारी भाषणं महिन्यातून एक बघ, तीही रविवारी. ती बघताना अभ्यास केल्यासारखं समाधान मिळतं आणि ताकद तिथेच संपते.

चौथ्या दिवशी मोडण्यावर माझा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे किमान दिवस. चांगल्या दिवसाचं वेळापत्रक सगळेच करतात. तू सगळ्यात वाईट दिवसाचंही कर, आणि ते आधी कर. घरात लग्नाची बोलणी आहेत, अंगात कणकण आहे, पाळीचा पहिला दिवस आहे, शाळेचं स्नेहसंमेलन आहे, अशा दिवशी काय करायचं ते लिहून ठेव. माझा किमान दिवस ४० मिनिटांचा होता. कालच्या विषयाचं कोरं पान १० मिनिटं, नवीन वाचन २० मिनिटं, जुन्या प्रश्नपत्रिकेतले पाच प्रश्न १० मिनिटं. तो झाला की दिवस पूर्ण झाला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली. अर्धी फुली नाही, पूर्ण. चौथ्या वर्षात माझे कितीतरी दिवस असेच चाळीस मिनिटांचे होते, पण त्यांच्यामुळे खाडा पडला नाही आणि पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

खाडा पडलाच तर? पडेल. लंडनमध्ये फिलिपा लाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक छोटी सवय निवडायला सांगून बारा आठवडे पाठपुरावा केला होता. ती गोष्ट आपोआप घडायला लागायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ दिवस पुरले तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. त्या सवयी पाणी पिणं, चालायला जाणं अशा होत्या, आपला अभ्यास त्याहून जड आहे. पण एकवीस दिवसांत सवय लागते हे जे आपण ऐकतो, त्याच्या भरवशावर राहू नकोस. बाविसाव्या दिवशी जड वाटलं तर तुझ्यात दोष नाही. माझा नियम एवढाच होता की सलग दुसरा खाडा पडू द्यायचा नाही. आणि काल राहिलेले तास आज भरून काढायचे नाहीत. राहिलेलं भरून काढायला गेलं की आजचे साडेचार तास नऊ होतात, ते होत नाहीत, आणि मोडण्याची साखळी तिथून सुरू होते. तुझ्या गुरुवारी बहुधा हेच घडतं. बुधवारचं देणं गुरुवारवर येतं.

रविवार वेगळा ठेव. रविवारी नवीन वाचन नाही. सकाळी दोन तास घड्याळ लावून प्रश्नपत्रिका. सुरुवातीला पूर्ण शंभर प्रश्न नको, एकाच विषयाचे पन्नास चालतील, आणि आयोगाच्या जुन्याच प्रश्नपत्रिका घे. बाजारातल्या सराव संचांची भाषा आणि आयोगाची भाषा यात फरक असतो. मग तास-दीड तास चुकांची वही. चार रकाने: वाचलं नव्हतं, वाचलं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, अंदाज. पूर्व परीक्षेत प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचे २५ टक्के वजा होतात, म्हणून चौथा रकाना बारकाईने बघ. तुझे अंदाज किती वेळा बरोबर येतात हे दोन महिन्यांत कळतं. दोन पर्याय नक्की कापता आले तरच हात लावायचा की नाही, हे मग तुझ्याच आकड्यांवरून ठरव. तिसरा रकाना फक्त सवयीने कमी होतो. ‘अयोग्य’, ‘नाही’, ‘वगळून’ या शब्दांभोवती पेन्सिलने गोल करायचा आणि मगच पर्याय वाचायचे, हे प्रत्येक सरावात कर. माझे सहाचे दोन झाले ते एवढ्यानेच. रविवारची दुपार आणि संध्याकाळ मोकळी. खरंच मोकळी. शेतात जा, मैत्रिणीकडे जा, झोप.

पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपराचं थोडक्यात. तो आता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के पुरतात, म्हणून विज्ञान शाखेच्या मुली त्याला हात लावत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस उतारे आणि थोडं गणित करत राहा. घड्याळ लावून उतारे वाचायची सवय मोडली की त्या दिवशी ८० प्रश्न फार लांब वाटतात.

मुख्य परीक्षेबद्दल मला प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. माझ्या वेळी ती वस्तुनिष्ठ होती, सहा पेपर आणि ८०० गुण. २०२५ च्या परीक्षेपासून ती वर्णनात्मक झाली आहे: नऊ पेपर, त्यातले मराठी आणि इंग्रजी भाषेचे दोन पात्रतेपुरते, बाकी सात मिळून १७५० गुण, आणि मुलाखत २७५. ही परीक्षा मी स्वतः दिलेली नाही. पण रविवारी येणाऱ्यांच्या वह्या मी तपासते, आणि त्यात एक गोष्ट सारखी दिसते. माहिती असते, लिहिता येत नाही. दहा वर्षं गोळे काळे करून हाताला लिहायची सवयच राहिलेली नाही. दीड तासात हात भरून येतो, आणि मुद्दे डोक्यात एका क्रमाने तर कागदावर दुसऱ्या क्रमाने उतरतात. म्हणून पूर्व परीक्षा होण्याची वाट न बघता आजपासून रोज एक उत्तर लिही. एकच. हाताने, घड्याळ लावून, दहा मिनिटांत. विषय त्या दिवशी जो वाचला तोच. ‘७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेचं स्थान कसं बदललं?’ असा साधा प्रश्न घे. ती लागू झाल्याची २४ एप्रिल १९९३ ही तारीख, अकराव्या अनुसूचीतले २९ विषय, एवढं तर कोऱ्या पानावर आलेलंच असतं; आता त्यात तुझ्या गावच्या शेवटच्या ग्रामसभेत काय झालं, किती बाया आल्या होत्या, गणपूर्ती झाली होती का, हे जोड. इथे गावात राहणारी मुलगी पुण्यातल्या खोलीत बसलेल्या उमेदवाराच्या पुढे असते. तू जे रोज बघतेस ते त्याला पुस्तकातून शोधावं लागतं. शाळेत फळ्यावर लिहून समजावतेस, त्याचाही इथे उपयोग आहे; मुद्दा सोपा करून सांगणं तुला येतं.

वैकल्पिक विषय कोणता घ्यावा, वर्तमानपत्र कोणतं वाचावं, हे तू विचारलेलं नाहीस आणि आत्ता विचारूही नकोस. वर्तमानपत्राला चाळीस मिनिटांच्या वर वेळ देऊ नकोस, एवढंच. बातमीतून योजना, निकाल, अहवाल, नेमणूक यातलं काही निघत असेल तर दोन ओळी लिहायच्या, नाहीतर पान उलटायचं.

आता पुणे. मी पुण्याला नावं ठेवणार नाही. शास्त्री रोडवर, पेरू गेटजवळ, जिथे बघावं तिथे आपल्यासारखीच मुलं; एकटेपणा वाटत नाही, कुणीतरी पुढे गेलेलं रोज भेटतं, पुस्तकं हाताशी असतात. मुलींना घरातल्या कामातून सुटका मिळते, आणि ती फार मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नकोस. पण पुणे जागा देतं, सवय देत नाही. सवय घेऊन गेलेल्यांना तिथे वेग मिळतो. न घेऊन गेलेल्यांचा दिवस चहाच्या टपरीवर कट-ऑफच्या चर्चेत आणि खानावळीच्या रांगेत जातो, आणि संध्याकाळी तरीही डायरीत अकरा तास लिहिता येतात. मी ते लिहिलेत.

म्हणून माझं मत असं: आधी साठ दिवस घरी हे सगळं चालवून बघ. साठ दिवसांत कॅलेंडरवर पन्नासच्या वर फुल्या असतील, आणि तरीही घरी शांत जागा मिळत नाही हीच अडचण उरली असेल, तर आधी गेवराईत किंवा बीडला अभ्यासिका शोध. शाळा सोडून पुण्याला जाण्याचा विचार तेव्हा कर जेव्हा दीड वर्षाचा खर्च कर्ज न काढता भागेल. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या प्रशिक्षण आणि विद्यावेतनाच्या योजनांत तू बसतेस का, हे त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन बघ. त्याने हा हिशेब पूर्ण बदलू शकतो. ज्या मुली उसने पैसे घेऊन जातात त्यांचं अर्धं लक्ष महिन्याच्या पाच तारखेकडे असतं, आणि तो ताण कोऱ्या पानावर लगेच दिसतो.

घरच्यांच्या दोन वर्षांबद्दल. वडिलांशी आत्ताच बोल, निकालाच्या दिवशी नको. परीक्षांच्या तारखा आपल्या हातात नसतात हे त्यांना सांग. १४ मार्च २०२१ ची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे गेली आणि २१ मार्चला झाली. २०२४ ची २५ ऑगस्टवरून १ डिसेंबरवर गेली. २०२५ मध्ये २८ सप्टेंबरची परीक्षा अतिवृष्टीमुळे ९ नोव्हेंबरला झाली. तो पाऊस तुम्ही तर दारातच बघितलात. दोन वर्षं म्हणजे दोन पूर्व परीक्षा आणि एक मुख्य असं काहीतरी मोजमाप ठरवून घ्या, महिने मोजू नका. सोबत आयोगाच्याच संयुक्त परीक्षेचे अर्जही भर. राज्यकर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी या पदांचा पूर्वचा बराचसा अभ्यास सारखाच आहे, आणि हातात एक पद आलं की घरचं वातावरण बदलतं. माझ्याबरोबरच्या दोघींनी आधी ते घेतलं आणि नोकरी करत राज्यसेवा काढली.

तारखेचं हे मी अभ्यासाच्या संदर्भातही सांगतेय. सवय परीक्षेच्या तारखेला टांगली की तारीख हलली की सवय हलते. २०२१ च्या त्या आठवड्यात मी जिथे होते तिथल्या अभ्यासिकेत पहिले दोन दिवस कुणीच पुस्तक उघडलं नाही, आणि ते साहजिक होतं. पण ज्यांना सकाळच्या चहानंतर कोरं पान काढायचीच सवय होती, ते तिसऱ्या दिवशी नुसते सवयीने बसले.

तू आत्ता हे वाचत असशील तेव्हा बहुधा रात्र असेल, आणि हातात नवीन वेळापत्रकाचा कागद असेल. तो आज करू नकोस. राज्यव्यवस्थेचं पुस्तक काढ, पंचायत राजच्या धड्यावर उघडून ठेव, शेजारी एक कोरं पान ठेव आणि वर उद्याची तारीख टाक. उद्या शाळेतून आल्यावर तोंड धुतलंस की तिथून सुरू कर. सहा आठवड्यांनी चुकांच्या वहीतल्या चार रकान्यांचे आकडे मला कळव. पुढचं काय बदलायचं ते त्या आकड्यांवरून ठरवू.